भांडण मिटवायचं तर आधी बघे हटवा

दोघांचं भांडण मिटत नाही, त्याला बऱ्याचदा भोवती उभे राहून बघणारे कारण असतात. हे मला एसटीनं शिकवलं. आधी कंडक्टर आणि पुढं वाहतूक नियंत्रक म्हणून माझी नोकरी स्टँडवरच गेली. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारा एक, आणि दारातून चढून तो रुमाल बाजूला सारून बसलेला दुसरा, हा तंटा कुठल्याही स्टँडवर रोजचा. भरल्या गाडीत बसलेल्याला "उठा" म्हटलं की तो काही केल्या उठत नाही. सगळी गाडी बघत असते. उठला की हरला. म्हणून मी आधी रुमालवाल्याला म्हणायचो, "जरा खाली या, तुमच्याशी काम आहे." खाली उतरला की निम्मा आवाज तिथंच बसायचा. मग विचारायचं, बरोबर कोण आहे, कुठवर जायचंय. कळायचं की जागा आईसाठी धरली होती, तिचे गुडघे दुखतात. मग वर जाऊन बसलेल्याच्या कानाशी हळूच, "आजींना टेकायला जागा द्याल का?" तो लगेच उठायचा. रुमालापुढं उठायला त्याला लाज वाटत होती, म्हातारीसाठी उठायला वाटली नाही.

आता निवृत्त होऊन सातारा जिल्ह्यातल्या गावी शेती बघतो, आणि अधूनमधून कराडला मुलाच्या फ्लॅटवर मुक्काम असतो. दोन्हीकडं लोक "मास्तर, जरा येता का" म्हणून बोलावतात. (कंडक्टरला आमच्याकडं मास्तर म्हणतात, शाळेशी माझा संबंध शिकण्यापुरताच.) बांध, विहीर, छताची गळती, पार्किंग, भिशी, भावाभावांतली धुसफूस, असले तंटे मी कसे हाताळतो ते इथं सांगतो. मी वकील नाही. शेजारात, नात्यात किंवा कामाच्या जागी दोघांच्या मध्ये पडायची वेळ ज्याच्यावर येते, त्याच्यासाठी हे लिहिलंय.

आपण पडावं का, हे आधी बघा

दोघांपैकी कुणाचे हातउसने पैसे तुमच्याकडं आहेत का? तुमचा बांध त्यांच्या बांधाला लागतो का? गेल्या ग्रामपंचायतीला तुम्ही कुणाच्या पॅनेलचा प्रचार केला? तुमची मुलगी-भाची त्यांच्या घरात दिलीय का? यातलं काही असेल तर ते तोंडानं सांगून टाका आणि दुसऱ्या कुणाचं नाव सुचवा. न सांगता मध्ये पडलात तर पहिल्या अडचणीच्या वेळी तेच बाहेर येतं, आणि मग दोघांच्या भांडणात तिसरे तुम्ही असता.

दुसरी गोष्ट, दोघांचा होकार. एकानं बोलावलं एवढ्यावर कामाला लागू नका. ज्यानं बोलावलं नाही त्याच्याकडं त्याच दिवशी जा. उद्यावर टाकलंत तर सकाळपर्यंत "मास्तर त्याच्या ओसरीवर तासभर बसला होता" ही बातमी त्याच्यापर्यंत पोचलेली असते, आणि तुम्ही कुणाचे हे ठरून गेलेलं असतं. गेल्यावर "त्यानं मला पाठवलंय" हे वाक्य चुकूनही उच्चारू नका. मी साधारण असं बोलतो: "अमक्याशी माझं बोलणं झालं. त्याची बोलायची तयारी दिसली. तुमची इच्छा असेल तर तुमचंही ऐकून घेतो. निकाल द्यायला मी आलो नाही, बोलणं घडवून आणायला आलोय." नको म्हणाला तर विषय वाढवू नका. "कधी वाटलं तर हाक मारा" एवढं म्हणून उठायचं. पुष्कळ जण आठवडाभरानं हाक मारतात.

आणि हो, चहा. एकाकडं चहा घेतलात तर दुसऱ्याकडंही घ्यायचाच, मग पोटात जागा असो नसो. एकाकडं जेवलात तर तुमचं काम संपलं.

एकेकट्याला ऐका, आणि पुरतं ऐका

सगळ्या कामात सर्वात जास्त वेळ इथं द्या. बैठक तासाभराची असते. त्याआधीचं ऐकणं दोन-तीन संध्याकाळी चालू शकतं. बरेच हौशी मध्यस्थ नेमकं उलटं करतात. दोघांना समोरासमोर बसवतात आणि "बोला आता" म्हणतात. मग दोघंही चार महिने मनात घोळवलेली वाक्यं एकमेकांच्या अंगावर टाकतात.

एकट्याला भेटताना तो मोकळा बोलेल अशी जागा शोधा. पुरुष माणूस चालता चालता बरा बोलतो, असा माझा अनुभव. शेतावर चक्कर मारू म्हणा. बाई तक्रारदार असेल तर तिच्या विश्वासातली दुसरी बाई बरोबर असू द्या, आणि घरातला पुरुष तिच्या वतीनं बोलायला लागला तर "तुमचं नंतर ऐकतो" म्हणून सरळ थांबवा.

"चूक कुणाची?" हा प्रश्न विचारायचाच नाही. त्याचं उत्तर तुम्हाला आधीच ठाऊक आहे. त्याऐवजी हे विचारा: हे कधीपासून सुरू झालं? त्याआधी कसं चालायचं? सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो? कुठला शब्द मनाला लागला? त्यानं काय केलं तर तुमचं समाधान होईल? आणि हे मिटलंच नाही तर पुढं काय करणार? शेवटच्या प्रश्नावर माणूस गप्प होतो. कोर्टात जाईन म्हणतो, मग वकिलाची फी, तारखा, पोराचं लग्न हे त्याचं तोच मोजायला लागतो. तुम्ही मोजून दाखवायची गरज नाही. तुम्ही दाखवलंत तर ती धमकी होते.

तो बोलत असताना मध्ये तोडू नका, त्याला होकारही भरू नका. "बरोबर आहे तुमचं" हे सवयीनं तोंडातून निघतं आणि दुसऱ्या दिवशी गावभर होतं. "समजलं" म्हणा, "मग?" म्हणा. शेवटी त्याचं म्हणणं तुमच्या शब्दांत परत सांगा: "म्हणजे पैशापेक्षा तुम्हाला न विचारता झाडं तोडली हे जास्त लागलं, असं मला कळलं. बरोबर का?" तो म्हणेल, "पैशाचं काय नाही हो मास्तर…" आणि मग खरं बोलेल.

उठायच्या आधी एक विचारायचंच: "यातलं त्याला काय सांगू आणि काय माझ्यापाशी ठेवू?" जे ठेवायला सांगितलं ते बायकोलाही सांगायचं नाही. आणि जे सांगायचं तेही जसंच्या तसं नेऊ नका. "तो म्हणाला तू हलकट आहेस" हे पोचवण्यात कुणाचं भलं नाही. "पाण्याच्या वेळेवरून तो फार दुखावलाय" हे पोचवा.

विहिरीची पाळी

एक प्रकरण जरा सविस्तर सांगतो. ओळख कळू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.

दोघे सख्खे भाऊ. विहीर सामाईक, सातबाऱ्यावर निम्मा-निम्मा हिस्सा. वडिलांनी पाळी घालून दिलेली, सोमवार ते सोमवार, एक आठवडा थोरल्याचा, एक धाकट्याचा. एका उन्हाळ्यात धाकट्यानं मोटरीचा स्टार्टर फोडला आणि पारावर चारचौघांत थोरल्याला "पाणीचोर" म्हणाला. बोलणं बंद, बायकांचं बंद, पोरांचंही बंद. थोरला मला म्हणाला, "वडिलांनी लावलेली पाळी आहे, मी एक दिवस इकडचा तिकडं केला नाही." धाकटा म्हणाला, "उसाला माझ्या निम्मंसुद्धा पाणी मिळत नाही." मला दोघंही खोटं बोलताहेत असं वाटेना.

धाकट्याला विचारलं, सगळ्यात जास्त त्रास कधी होतो? म्हणाला, "रात्री." त्याची बायको चुलीपाशी होती, तिथूनच म्हणाली, "आमच्या आठवड्याला कायम रात्रीचीच लाइट. अंधारात दारं धरायला, पिकाला पाणी वळवायला, हेच जातात, आणि मी सकाळपर्यंत जागी. परवा पायाखालून जनावर गेलं." मी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून घेतलं. आमच्या फीडरवर (वीज येते त्या लाइनवर) तेव्हा शेतीपंपांना थ्री-फेज लाइट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री यायची, आणि ती बदलायची सोमवारी. पाळीही सोमवारीच बदलायची. म्हणजे थोरल्याच्या वाट्याला कायम दिवस आणि धाकट्याच्या वाट्याला कायम रात्र. रात्री पेंगत दारं धरणाऱ्याचं निम्मं पाणी ओढ्यालाच जातं. वडिलांनी पाळी लावली तेव्हा लाइटीचं असं वेळापत्रक नव्हतं, त्यामुळे त्यांचं काही चुकलं नव्हतं. थोरल्यानं चोरी केली नव्हती आणि धाकट्याला खरंच पाणी कमी पडत होतं.

हे मला कळलं तरी मी थोरल्याला सांगितलं नाही. मी सांगितलं असतं तर तो निकाल झाला असता, आणि निकाल धाकट्याच्या बाजूचा. बैठकीत फक्त कॅलेंडर मध्ये ठेवलं, पेन थोरल्याच्या हातात दिलं आणि म्हटलं, "गेल्या दोन महिन्यांची पाळी आणि लाइट यावर मांडा." तिसऱ्या आठवड्याला त्याचा हात थांबला. बराच वेळ कुणी बोललं नाही, मीही नाही. अशा वेळी मध्यस्थाची जीभ फार वळवळते. ती दाताखाली धरायची.

तोडगा निघाला थोरल्याच्या कॉलेजात जाणाऱ्या पोराकडून. पाळी सोमवारऐवजी गुरुवारी बदलायची. मग एकाला चार दिवस दिवसाची आणि तीन दिवस रात्रीची लाइट मिळते, दुसऱ्याला उलट. एका दिवसाचा फरक राहतो, तो दर दिवाळीला अदलाबदल करून फिरवायचा. स्टार्टर धाकट्यानं न मागता नवा आणला.

राहिला "पाणीचोर". थोरल्याला पाण्यापेक्षा तो शब्द जास्त डाचत होता. धाकटा माफी मागायला तयार नव्हता, आणि मी मागायला लावली नाही. मी एवढंच म्हटलं, तो शब्द पारावर गेलाय, घरात कितीही गोड झालात तरी पारावर तो तसाच राहणार. दोन दिवसांनी धाकटा पारावर बसला असताना आपणहून म्हणाला, "पाण्याचं आमचं मिटलं. दादानं पाळी बदलून दिली." थोरल्याला तेवढं पुरलं. बोलणी करताना बघे नसावेत, पण मोठेपणा देताना चार माणसं असलेली बरी.

भांडणाचा निकाल वस्तूला देऊ द्या

कॅलेंडरनं जे केलं ते पुष्कळ तंट्यांत दुसरी कुठली तरी वस्तू करू शकते. माणसानं सांगितलं की अपमान होतो. कागदानं, पाइपनं किंवा मोजणीच्या खुणेनं सांगितलं तर होत नाही.

सोसायटीतल्या गळतीचं घ्या. खालच्या काकूंच्या छताला ओल, वरचे काका म्हणतात तुमचं प्लास्टरच जुनं, आणि ग्रुपवर फोटोंचा पाऊस. पहिलं काम, सेक्रेटरीला विनंती करून हा विषय ग्रुपवरून उतरवायचा. ग्रुप म्हणजे भरलेली गाडीच. मग दोघांनाही चालेल असा प्लंबर ठरवा आणि त्याची फी निम्मी-निम्मी करा, म्हणजे तो "त्यांचा माणूस" राहत नाही. वरच्यांनी बाथरूम दोन-तीन दिवस कोरडं ठेवायचं, मग नहाणी ट्रॅपला (फरशीतल्या पाणी जायच्या तोंडाला) बूच मारून जमिनीवर पाणी साठवायचं आणि दिवसभर ठेवून खाली बघायचं. साठवल्यावर ओल वाढली तर दोष फरशीच्या सांध्यात किंवा ट्रॅपपाशी. बाथरूम कोरडं असतानाही ओल तशीच राहत असेल तर भिंतीतला पाण्याचा पाइप तपासा, कारण त्यात पाण्याचा दाब कायम असतो. आणि फक्त पावसाळ्यात ओल येत असेल तर वरच्या काकांचा काही संबंध नसण्याची शक्यता मोठी. खर्च कुणाचा यावरही वाद घालायची गरज नाही. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (म्हणजे नमुना नियमावलीप्रमाणे) संडास, सिंक वगैरेंमुळे होणारी आतली गळती त्या फ्लॅटधारकानं दुरुस्त करायची. पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती संस्थेनं. आपल्या संस्थेचे उपविधी काढून ते पान दोघांसमोर ठेवा.

बांधाच्या तंट्यात तर मी माझं मत देतच नाही. "मास्तर, तुम्ही लहानपणापासून बघताय, सांगा बांध कुठं होता" असा आग्रह होतो, सांगायचं नाही. दोरी घेऊन स्वतः मोजायलाही जायचं नाही. दोघांना मिळून भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करायला लावायचा, फी वाटून घ्यायची, आणि भूकरमापक (सरकारी मोजणीदार) यायच्या आधीच दोघांकडून वदवून घ्यायचं की खुणा येतील तिथं येतील. हे आधी वदवून घेणं सगळ्यात महत्त्वाचं. मोजणीनंतर विचाराल तर ज्याचं गेलं तो मोजणीच खोटी म्हणेल. मोजणीची 'क' प्रत (मोजणीचा नकाशा) मिळाली की तिची झेरॉक्स दोघांच्या घरात असू द्या.

कधी कधी कागद आणि वहिवाट यांची पिढ्यानपिढ्या फारकत झालेली असते. याच्या नावावरची जमीन तो कसतो आणि त्याच्या नावावरची हा. दोघांचा ताबा किमान १२ वर्षांचा असेल तर अशा अदलाबदलीच्या दस्तासाठी राज्य सरकारनं २०२३ मध्ये सलोखा योजना आणली, मुद्रांक शुल्क १,००० रुपये आणि नोंदणी फी १,००० रुपये. योजना मुदतीची आहे, तेव्हा तलाठ्याकडं सध्याची स्थिती विचारूनच लोकांना सांगा.

बैठक

जागा अशी निवडा की येणारा-जाणारा डोकावणार नाही. पार नको, चावडी नको, दोघांपैकी कुणाचं घर नको. गावात मी आमच्या गोठ्यामागच्या पडवीत बसवतो. सोसायटीत ऑफिसची खोली दार लावून चालते. वेळ सकाळची, न्याहारी झाल्यावर. संध्याकाळ टाळा, कारण संध्याकाळी कुणीतरी 'घेऊन' येतो. घेतलेला माणूस आला तर बैठक तिथंच पुढं ढकलायची, कारण न सांगता. आठवडी बाजाराचा दिवसही नको, सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडं असतं.

कोण बसणार हे आधी ठरवा. प्रत्येकाबरोबर एक माणूस पुरे. पण तो निर्णय घेऊ शकणारा हवा. पुष्कळ घरांत बोलतो बाप आणि ठरवते आई, किंवा मुंबईला असलेला मुलगा. मग सगळं ठरल्यावर संध्याकाळी मुंबईचा फोन येतो आणि दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणून आधीच विचारा, "तुम्ही हो म्हणालात तर घरात आणखी कुणाला विचारावं लागेल?" त्या माणसाला फोनवर का होईना, पण बैठकीत घ्या. बाकी मोबाइल बंद करून बाजूला. रेकॉर्डिंग करायचं नाही, हे मी स्पष्ट बोलतो.

दोघांना समोरासमोर बसवू नका. दोघांच्या तोंडासमोर तुम्ही किंवा मधला कागद यावा, असं बसवा. सुरुवातीला नियम दोनच सांगायचे: एक बोलत असताना दुसऱ्यानं थांबायचं, आणि आईबाप व जात काढायची नाही. पहिल्यांदा कोण बोलणार यावरूनही रुसवे होतात. मी ज्याला बोलायला अवघड जातं त्याला आधी देतो आणि तसं आदल्या दिवशी दुसऱ्याला सांगून ठेवतो.

जुनी भांडणं निघतातच. "आजोबांच्या वेळी तुमच्या लोकांनी…" असं सुरू झालं की पूर्ण दाबू नका, थोडं वाहू द्या. मग विचारा, "त्यातलं आज काय दुरुस्त करता येईल?" बहुतेक वेळा काहीच नसतं, आणि हे त्याचं त्यालाच कळतं. आवाज चढला की चहा सांगा. चहा येईपर्यंत एकाला बाजूला घेऊन बोलता येतं, आणि कुणी माघार घेतली असं दिसत नाही.

"आधी त्यानं माफी मागावी" यावर गाडं अडलं, तर माफी हा शब्दच सोडून द्या. "झालं ते व्हायला नको होतं" एवढं म्हणायला दोघंही तयार होतात. कधी तेही नको. कुणी घरच्या कार्यात सुपारी घ्यायला बोलावलं, कुणी पोराच्या बारशाला आलं, की झालं. तुमचा सल्ला कितीही चांगला असो, तो शक्यतो पोटात ठेवा. अगदीच अडलं तर दोन-तीन वाटा मांडा, एकच मांडू नका.

ठरलेलं कागदावर

साध्या कागदावर, त्यांच्याच शब्दांत. कोण काय करणार, कधीपर्यंत, किती पैसे, नाही जमलं तर आधी कुणाला सांगायचं. "इथून पुढं गुण्यागोविंदानं राहू" हे वाक्य लिहायचा मोह होतो. त्यानं काही होत नाही. "गाडी रात्री ९ नंतर गेटसमोर लावायची नाही" यानं होतं. दोन प्रती, दोघांच्या सह्या, एकेक प्रत दोघांकडं. पैसे द्यायचे असतील तर यूपीआयनं किंवा पावती घेऊन. मोठ्या बदलाला लोक बिचकतात, तेव्हा "एक हंगाम करून बघू" असं लिहा.

हा कागद म्हणजे कोर्टाचा हुकूमनामा नव्हे, हे दोघांनाही सांगा. २०२३ च्या मध्यस्थता कायद्यात सामुदायिक मध्यस्थीवर वेगळं प्रकरण आहे, आणि त्यातही अशा समझोत्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं बळ दिलेलं नाही. तुमच्या पडवीतल्या कागदाची गोष्ट तर सोडाच. जमिनीचा हक्क सोडणं, वाटणी, घर नावावर करणं हे त्यावर होत नाही. हक्कसोडपत्र नोंदणीकृतच लागतं. तिथं आपण फक्त मनं तयार करायची आणि पुढचं वकिलाकडं. केस आधीच कोर्टात असेल तर तडजोड लोकअदालतीत मांडता येते. तिथला निवाडा पक्का असतो, त्यावर अपील होत नाही आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. तालुका विधी सेवा समिती तालुक्याच्या कोर्टातच असते, तिथं चौकशी करा.

हात लावायचा नाही अशा गोष्टी

२००७ च्या १५ ऑगस्टला आपल्याकडं महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. आर. आर. पाटील तेव्हा गृहमंत्री होते. गावोगाव समित्या झाल्या, बक्षिसं मिळाली, वेशीवर फलक लागले. पुष्कळ चांगलं काम झालं. विशेषतः जिथं समितीतली माणसं घरोघर जाऊन बसली तिथं. (अध्यक्षपदासाठी ग्रामसभेतच तंटा झालेलाही मी पाहिलाय.) पण त्या उत्साहात "गावातलं गावात मिटवा" ही सवय नको तिथंही लागली. घरात बाईला मारहाण, हुंड्याचा छळ, लहान मुलांवरचा अत्याचार, जातीवरून अपमान, शस्त्र, खुनाची धमकी, यात मध्यस्थी होत नाही. दोन्ही बाजू सारख्या बळाच्या नसतात, आणि आपण "मिटवलं" म्हणजे दुबळ्याला परत त्याच घरात ढकललं. तिथं आपलं काम एवढंच की बरोबर जायचं: ११२ ला फोन, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी नेमलेले असतात, त्यांच्यापर्यंत पोचवायचं. सज्ञान पोरापोरींनी लग्न ठरवलं असेल तर त्यात "समजूत काढायला" जायलाही माझा विरोध आहे.

दंड लावायचा नाही, वाळीत टाकायची भाषा करायची नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रानं २०१६ मध्ये कायदा केला. त्यात ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. बैठकीत कुणी म्हातारा "देवळाला पाच हजार दे आणि मिटव" म्हणाला तर तिथंच थांबवा. स्वतःसाठी तर काहीच घ्यायचं नाही. आमच्याकडं लोक वांगी, शेंगा आणून टाकतात. मी दोघांकडून आलं तरच ठेवतो.

मुदतीकडं लक्ष ठेवा, आणि नाही मिटलं तर

बोलणी चालू असताना कायद्याची घड्याळं थांबत नाहीत, हे मध्यस्थ विसरतात. शेतात जायचा चालू रस्ता किंवा पाण्याचा पाट कुणी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडं दाद मागता येते, पण अडवल्यापासून ६ महिन्यांच्या आत. बैठका घेत घेत सातवा महिना उजाडला, की ज्याचा रस्ता अडलाय त्याच्या हातातलं साधन गेलं आणि समोरच्याला बोलायची गरजच उरली नाही. म्हणून अशा प्रकरणात पहिल्याच दिवशी तारीख विचारून वहीत लिहितो आणि सांगतो, "अमुक तारखेपर्यंत बोलू, नाही जमलं तर अर्ज टाका." अर्ज टाकल्यावरही बोलता येतं.

मिटलं तर विसरून जाऊ नका. पहिली कसोटी येते त्या दिवशी एक चक्कर मारा: गळती असेल तर पहिल्या मोठ्या पावसात, पाळी असेल तर पहिल्या बदलीच्या गुरुवारी. तिथं छोटीशी कुरबूर होतेच आणि ती तेव्हाच्या तेव्हा निस्तरता येते. "मी मिटवलं" असं कुठंही सांगायचं नाही. मिटवलं त्या दोघांनी, आणि लोकांनाही तसंच कळू दे.

दोन-तीन बैठकांनंतरही गाडं त्याच जागी असेल तर थांबा. दोघांना एकाच दिवशी, एकाच शब्दांत सांगा: "माझ्याकडून जेवढं होतं तेवढं झालं. पुढचा रस्ता तहसील, कोर्ट किंवा संस्था. कुणाचं चुकलं असं मी कुठं बोलणार नाही." कोर्टात साक्षीला बोलावू नका, हेही तेव्हाच सांगून टाकायचं. दोघांचे सातबारे, पावत्या, झेरॉक्स ज्याच्या त्याला परत करायच्या, आणि मोबाइलमध्ये कागदांचे फोटो काढले असतील तर ते त्यांच्यासमोरच पुसून टाकायचे.